मंचरच्या पुढचे पॉइंट

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर मोटरसायकलचे भाग बनवले आणि मोटरसायकल कधी चालवली नाही. भोसरीच्या एका कारखान्यात ते कामाला होते. तिथे क्रँकपिन बनायच्या. इंजिनाच्या पोटात गरागरा फिरणारा, अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. सुरुवातीला ते लेथवर होते, नंतर प्लॅनिंगला आले. जायचे आणि यायचे कंपनीच्या बसने. कुणी म्हणालं, "राव, आता तरी गाडी घ्या," तर म्हणायचे, "आत काय काय असतंय ते मला माहीत हाय, म्हणून तर बसत न्हाई." लोक हसायचे. खरी गोष्ट अशी की आधी घर, मग माझं शिक्षण, मग आईचं ऑपरेशन असं काही ना काही पुढे यायचं आणि गाडी प्रत्येक वेळी रांगेत मागे जाऊन उभी राहायची. शेवटी डोळ्यांचा नंबर वाढला, निवृत्ती आली आणि तो विषयच संपला.

गाडी घेतली ती मी. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत, म्हणजे तयार भाग तपासून पास-नापास करायच्या खात्यात, काम करते आणि रावेतहून रोज तिथे जायला बसपेक्षा गाडी बरी, असं मी घरात सांगितलं होतं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मला लांब जायचं होतं. घाट, धरणं, समुद्र, जे मिळेल ते. आई म्हणाली, "पोरगी गाडी घेऊन एकटी हिंडती म्हणल्यावर स्थळं कोण आणणार?" तिला मी म्हटलं, स्थळं आता माझी नाही, माझ्या भाचीची बघायच्या वयात आपण आलोय. मला भाची नाही. एकुलती एक आहे मी. आई त्यावर दोन दिवस बोलली नाही.

जीपीएस मी एका ओळखीच्या माणसाकडून जुना घेतला. तो परदेशी निघाला होता. फोन असताना हे वेगळं यंत्र कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. हँडलवर फोन लावला की हादऱ्यांनी त्याचा कॅमेरा खराब होतो, पावसात स्क्रीन भलतीकडेच चालते, आणि घाटात रेंज गेली की तो गप्प बसतो. जीपीएसला रेंज लागत नाही आणि हातमोजे घालूनही तो ऐकतो. फक्त आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर नकाशा उघडायचा, जायचंय त्या रस्त्यावर पॉइंट टाकत जायचं, त्यांचा रूट तयार करायचा आणि ती फाइल केबलने यंत्रात टाकायची. पॉइंट लांब लांब टाकले तर यंत्र मधल्या मध्ये स्वतःचं डोकं चालवतं आणि भलत्याच जवळच्या रस्त्याला नेतं. म्हणून वळणावळणाला पॉइंट द्यावा लागतो.

हे सगळं मी एका सुट्टीच्या दिवशी करत होते आणि अप्पा खुर्चीमागे उभे होते. निवृत्तीनंतर ते बहुतेक वेळ गॅलरीत बसून एक्स्प्रेसवेवरची वाहनं बघायचे. आमच्या बिल्डिंगमधून तो एवढासा दिसतो, पण त्यांना तेवढा पुरत होता. त्या दिवशी मात्र माझ्या पाठीशी उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्यांना नंबर का न्हाईत?"

"कशाला नंबर? गावांची नावं आहेत की."

"नाव म्हंजे ठिकाण झालं. नंबर म्हंजे क्रम. ऊठ."

मी उठले. ते बसले. त्या खुर्चीतून ते पुढची काही वर्षं उठले नाहीत असं म्हटलं तरी चालेल.

त्यांनी पॉइंटना नंबर दिले ते दहा, वीस, तीस असे. एक, दोन, तीन का नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला अशा नजरेने पाहिलं की क्वालिटीत काम करून तुला एवढंही कळत नाही का. कळत होतं. कारखान्यात एखादा भाग, त्याला तिथे जॉब म्हणतात, बनवायचा असला की त्याच्यावर कोणकोणती कामं कोणत्या क्रमाने करायची ते कागदावर, म्हणजे शीटवर, लिहिलेलं असतं आणि त्या कामांचे नंबर दहादहाच्या फरकाने देतात. उद्या कळलं की वीस आणि तीसच्या मध्ये एक काम राहिलं, तर त्याला पंचवीस म्हणायचं आणि मध्ये घालायचं, म्हणजे सगळा कागद नव्याने लिहायला लागत नाही. अप्पांनी जन्मभर हेच केलं होतं. माणूस काहीतरी विसरणारच असं धरून चालायचं आणि त्याच्यासाठी आधीच जागा ठेवायची, हे त्यांचं कामाबद्दलचं मत होतं, आणि माणसांबद्दलचंही.

पहिला रूट त्यांनी मला महाबळेश्वरचा करून दिला. जाताना एका वाटेने, येताना दुसऱ्या. मी तो यंत्रात टाकला आणि पहाटे निघाले. जाताना सगळं बरोबर चाललं असं मला वाटलं, कारण हायवे सरळच होता. पाचगणी, वाई करत उतरले, पुण्याच्या अलीकडे कात्रजला आले. पोटात कावळे ओरडत होते. आता अर्धा-पाऊण तासात घर, असं म्हणते तोच यंत्र सांगायला लागलं की मागे वळा. मी दुर्लक्ष केलं. ते पुन्हा म्हणालं. मी गाडी कडेला घेऊन यादी उघडली तर दहाच्या खाली शंभर, मग एकशे दहा, एकशे वीस, आणि त्यानंतर वीस. यंत्राने आकडे अक्षरांसारखे लावले होते. एकापासून सुरू होणारे सगळे आधी, दोनापासून सुरू होणारे मग. म्हणजे त्याच्या हिशेबाने मी आत्ता कुठे कात्रजला पोचले होते आणि जातानाचा खंबाटकी घाट अजून यायचा होता.

मी फोन लावला. "अप्पा, तुमचं यंत्र मला परत महाबळेश्वरला पाठवतंय."

"मग जाऊ नको," ते म्हणाले.

जेवायला बसल्यावर आई हसून हसून बेजार झाली. अप्पा हसले नाहीत. असली चूक कारखान्यातलाच माणूस करू शकतो, बाकी कुणी दहादहाने नंबर देणारच नाही, असं मी चिडवलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दार उघडताच म्हणाले, "आधी शून्य लावायचं. शून्य दहा, शून्य वीस. मग शंभर बरोबर शेवटी जातंय." चेहरा असा की मोठ्या साहेबाने पाठ थोपटली असावी. त्यानंतर आमच्या घरात कुठलाच पॉइंट दहा नव्हता, शून्य दहा होता.

मी फिरून आले की खरं काम सुरू व्हायचं. हेल्मेट ठेवायच्या आत विचारायचे, "मधी काय सापडलं?" मग मी सांगायची. अमुक गावाच्या पुढे बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छ संडास असलेलं एक हॉटेल आहे. अमुक पुलावर खडी पडलीय. एका फाट्यावर पंक्चरवाला आहे, पण तो दुपारी झोपतो. ते नकाशा मोठा करून ती जागा शोधायचे आणि शून्य पंचवीस, शून्य सत्तेचाळीस असे पॉइंट मध्ये घालायचे. विचारायचे ते प्रश्नही त्यांचेच. चढ किती लांब होता? ऊन कुठल्या अंगाला होतं? रस्त्याच्या कडेची झाडं कसली? मी थकलेली असायची, कधी वैतागून म्हणायची, अप्पा, आधी चहा तरी घेऊ द्या. मग ते चहा संपेपर्यंत माझ्या कपाकडे बघत बसायचे. ज्या रस्त्यांवर ते कधी गेले नाहीत ते रस्ते त्यांना माझ्याहून जास्त पाठ होते. मला कधी कधी वाटायचं की मी नुसती जाऊन येते, प्रवास तर हे करतात.

नाणेघाट त्यांना असाच नकाशावर सापडला. जुन्नरच्या पुढे, घाटघरच्या पल्याड, जिथे सह्याद्री संपून खाली कोकण सुरू होतं तिथे डोंगर फोडून केलेली वाट. त्यांनी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वीची वाट, बाजूला कोरलेली लेणी, जकात गोळा करायचा दगडी रांजण. वाचता वाचता ते म्हणाले, "माय, इतक्या जुन्या काळात ह्याचं प्लॅनिंग कोणी केलं असंल?" मराठवाड्यात लेकीला माय म्हणतात. अप्पा गाव सोडून चाळीस वर्षं इकडे राहिले, पण तेवढा शब्द काही सुटला नाही.

त्या रूटवर त्यांनी जेवढा वेळ घालवला तेवढा कुठल्याच रूटवर घालवला नव्हता. शून्य दहा आमचं गेट, शून्य वीस तळवडे, शून्य तीस चाकण, मग राजगुरुनगर, खेडचा घाट, मंचर, नारायणगाव, जुन्नर, घाटघर आणि शंभर नाणेघाट. मी म्हटलं, झाला ना, द्या आता, रविवारी जाऊन येते. तर म्हणाले, "हा तुला द्यायचा न्हाई. ह्याला मी येणार हाय. तुझ्या मागं बसून."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, कार करून जा की दोघं."

"कारनंच जायचं तर कंपनीची बस काय वाईट होती?" अप्पा म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांच्या पाठीवर थापच मारली, वडील आहेत हे विसरून.

आणि मग पॉइंट नदीत पडायला लागले.

आधी मी हसले. तळवड्याच्या रस्त्यावर टाकलेला पॉइंट इंद्रायणीच्या पात्रात, चाकणच्या चौकातला कुठल्या तरी कंपनीच्या शेडवर. त्यांना म्हटलं चष्मा बदला. चष्मा बदलला. मग एकदा त्यांच्या हाताखालचा माउस टेबलावर टकटक वाजत होता आणि ते दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरत होते. मी दारातून पाहिलं, त्यांना कळू दिलं नाही, आत जाऊन आईला विचारलं. आईला माहीत होतं. ती म्हणाली, कालवणाची वाटीसुद्धा सांडतात, तुझ्यासमोर खात नाहीत.

कंपवात. डॉक्टर चांगला होता, घाईत नव्हता. त्याने समजावून सांगितलं की हाताचं कापणं हे त्यातलं सोपं, पुढे अंग आखडत जातं, पाऊल उचलायचं म्हटलं तरी उचलत नाही. गोळीचा असर आहे तोवर माणूस बराच मोकळा असतो, असर उतरला की जखडतो. मी विचारलं, मोटरसायकलवर मागे बसून जाता येईल का? तो म्हणाला, "मी हो म्हणणार नाही. हा हिवाळा बरा जाईल. पुढच्या हिवाळ्याचं मला सांगता येणार नाही." घरी येताना रिक्षात अप्पा म्हणाले, "मग ह्याच हिवाळ्यात."

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना. नाणेघाट झाला पाहिजे. त्यांचा रस्ता त्यांना एकदा बघायला मिळाला पाहिजे. बाकी आजाराचं जे व्हायचं ते होईल, पण हे एवढं व्हावं. मी कशासाठी हात जोडणारी बाई नाही, पण त्या दिवसांत मनातल्या मनात कुणाकुणाला विनवत होते.

लहान मुलांना गाडीवर बांधायचा पट्टा मिळतो, तो मी चांभाराकडून वाढवून घेतला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अप्पा. रावेतच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही संध्याकाळी सराव करायचो. सोसायटीतले लोक बघायचे. वॉचमन म्हणाला, "काका, हिरो दिसताय." अप्पांनी हेल्मेटातूनच मान डोलावली. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. गाडी सुरू असली की त्यांचा हात कापतोय की गाडी थरथरतेय ते कळायचं नाही. सिग्नलला थांबले की माझ्या कानामागून आवाज यायचा, "आत आमची पिन फिरायलीय. ऐकू येतंय का?" मला इंजिनाचा आवाज येत होता. त्यांना त्यातली पिन वेगळी ऐकू येत होती.

रूटमध्ये त्यांनी आता गोळ्या घातल्या. शून्य पंचेचाळीस, राजगुरुनगरच्या पुढे, गोळी. शून्य पंच्याहत्तर, नारायणगाव सोडल्यावर, गोळी आणि थोडं खाणं. असर चढायला किती वेळ लागतो, किती टिकतो, हे त्यांनी घरी स्वतःवर तपासून पाहिलं होतं. निघायला गुरुवार निवडला. आमच्या बाजूच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे तळवड्यापर्यंतचा रस्ता मोकळा. चाकणला जनरल शिफ्ट आत गेल्यावर आणि पहिली शिफ्ट सुटायच्या आधी पोचायचं, म्हणजे कंटेनर सोडले तर बाकी त्रास नाही. त्यांच्या हातून आता माउस चालत नव्हता. ते सांगायचे आणि मी पॉइंट टाकायची. एखादा जरा इकडेतिकडे झाला तर म्हणायचे, "सरकव. अजून. बास." क्वालिटीत मी लोकांना छळते तसं ते मला छळत होते.

निघायच्या दिवशी आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि माझ्या पट्ट्याची बक्कलं ओढून ओढून पाहिली. "लेणी दिसली की हात जोडा," म्हणाली, "माझ्या वाटचे पण."

मला त्या सकाळबद्दल लिहिताना हात पुढे सरकत नाही, कारण ती फार चांगली होती. देहू फाट्याजवळ धुकं होतं. अप्पा मला खांद्यावर टिचक्या मारून खुणा करायचे, जीपीएस बोलायच्या आधी. उजव्या खांद्यावर एक म्हणजे उजवीकडे. चाकणच्या चौकात एवढे कंटेनर उभे होते की मी दोन ट्रकांच्या मधून गाडी काढली, आणि ते ओरडले, "माय! शाब्बास!" तसं ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. राजगुरुनगरच्या पुढे गोळी झाली. खेडच्या घाटात त्यांनी विचारलं, हा चढ मी सांगितला होता तेवढाच का? मी म्हटलं, तेवढाच. "मग नकाशात कमी दिसतोय," ते म्हणाले, "घरी गेल्यावर बघू." घाट चढून वर आल्यावर गार वारा लागला, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं होती आणि मी हेल्मेटाच्या आत मोठ्याने गात होते. मला गाता येत नाही.

मंचरच्या अलीकडे टिचक्या थांबल्या.

मला वाटलं झोप लागली. "अप्पा?" म्हटलं. उत्तर आलं नाही, पण त्यांचे गुडघे माझ्या कमरेला लाकडासारखे टेकले होते आणि पट्टा एका अंगाला ओढला जात होता. मंचरला रस्त्याकडेला एक हॉटेल दिसलं, तिथे मी हळूहळू गाडी थांबवली. पट्टा सोडला. "उतरा." ते उतरेनात. "पाय निघंना," असं अगदी बारीक आवाजात म्हणाले. मी गाडी सोडू शकत नव्हते, सोडली असती तर दोघं पडलो असतो. मागे वळून त्यांना धरूही शकत नव्हते. त्या अवस्थेत आम्ही दोघं नुसतेच गाडीवर अडकून. शेवटी हॉटेलातला एक म्हातारा माणूस उठून आला.

"आजोबांना खाली घ्यायचंय व्हय? थांबा ताई, आमी धरतो. घाबरू नगा, काय व्हत न्हाई."

त्याने आणि आणखी एकाने अप्पांना बगलेत धरून वर उचललं. पाय सीटवरून ओलांडताना तिसऱ्याने गुडघा धरून वाकवला. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. हॉटेलवाल्याने कुणी न सांगता पाणी आणलं, चहा आणला आणि आमच्याकडे बघत बसलेल्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या बाजूला बसायला सांगितलं. त्या माणसांचे उपकार मी कसे फेडणार? मी त्यांना धड धन्यवादही दिले नाहीत.

पुढची गोळी आम्ही तिथेच दिली, नारायणगावची वाट न पाहता. धपाट्याचे तुकडे करून मी त्यांना भरवले. घरात त्यांनी मला ते कधी करू दिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने बोटं मोकळी झाली, मग मान. ते उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होते.

"किती राहिलं?"

मी यंत्रात बघून सांगितलं. जवळजवळ निम्मं राहिलं होतं.

"निघायचं का?" मी विचारलं. "हळू जाऊ. जुन्नरला मुक्काम करू. उद्या सकाळी नाणेघाट." मला जायचं होतं. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त जायचं होतं हे मला तिथे कळलं.

"न्हाई. परत."

"अप्पा, एवढं आलोय."

"मी पडलो तर तुला घेऊन पडंन. जॉब बिघडल्यावर मशीन चालू ठेवत न्हाईत." मग हसल्यासारखं करून, "रिजेक्शनमधी टाक मला."

माझा तोल गेला. मी त्या हॉटेलात, सगळ्यांसमोर, त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, असलं काही बोलायचं नाही, मी आयुष्यभर रिजेक्शनचे शिक्के मारते, माझ्यासमोर तो शब्द काढायचा नाही. त्यांनी आपला कापणारा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो माझ्या गुडघ्यावरही कापतच राहिला.

हॉटेलवाल्याने त्याच्या ओळखीची कार बोलावून दिली. अप्पांना मागच्या सीटवर बसवलं आणि मी गाडीवर त्यांच्या मागे निघाले. जाताना ज्या घाटात गायले होते तो घाट मी त्या कारच्या मागच्या काचेकडे बघत उतरले. काचेत त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि ते एकदाही मागे वळलं नाही. मान वळत नसेल. हँडलवरचं यंत्र सारखं सांगत होतं, मागे वळा, मागे वळा. ते बंद करायला एक बटण दाबायचं होतं फक्त. मी दाबलं नाही. हेल्मेटात रडायची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. पण डोळे पुसता येत नाहीत, हेही खरं.

घरी आईने गरम पाणी काढलं.

तो हिवाळा संपला. पुढच्या काही महिन्यांत गोळ्या वाढल्या आणि असर कमी झाला. अप्पा आता पलंग ते खुर्ची एवढंच चालायचे, तेही कुणाला धरून. मी गाडीवर लांब जाणं सोडलं होतं. ते एकदोनदा म्हणाले, जा की कुठंतरी. मी म्हणायची, कामं आहेत. कॉम्प्युटरवर आईने कापड घातलं होतं.

एका गुरुवारी सकाळी मी घरी होते. त्यांनी हाक मारली. आवाजही बारीक झाला होता, जवळ जावं लागायचं.

"कॉम्प्युटर लाव. नाणेघाटाचं काढ."

मला वाटलं त्यांना बघायचा आहे. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, फाइल उघडली. रेघ उमटली, रावेतपासून वर, डोंगराच्या कडेपर्यंत.

"मंचरच्या पुढचे पॉइंट काढ."

"काढ म्हणजे?"

"पुसून टाक."

मी म्हटलं, राहू द्या, काय खातायत ते? थंडी पडली की बघू, तोवर नवीन गोळी येईल, डॉक्टर म्हणत होते. मी बरंच बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माय, जे होणार न्हाई ते शीटवर ठेवायचं नसतंय. पुढच्या माणसाचा घोटाळा होतो."

पुढचा माणूस मीच होते. दुसरं कोण होतं?

त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो मांडीवरून निघेना. म्हणाले, "दाब तू."

मी नारायणगाव पुसलं. खरंच काढायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी पापण्या मिटून हो म्हटलं. मग शून्य पंच्याहत्तर, गोळी. जुन्नर. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा त्यांनी पापण्या मिटल्या. घाटघर. मग नाणेघाट. तिथे माझं बोट थांबलं. मी म्हटलं, अप्पा, हा एक ठेवू. ते पडद्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की मी जेवढा वेळ लावीन तेवढा वेळ त्यांना त्या नावाकडे बघावं लागणार आहे. मी बटण दाबलं. वरची रेघ नाहीशी झाली. रस्ता मंचरच्या त्या हॉटेलापाशी येऊन संपला.

"आता यंत्रात टाक," ते म्हणाले.

मी केबल लावली. फाइल गेली. छोट्या स्क्रीनवर रावेत ते मंचर एवढीच रेघ आली आणि टोकाला शेवटाचा झेंडा. यंत्र मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, काम तपासून घ्यावं तसं. मग आईला हाक मारली. तिला ऐकू गेली नाही, म्हणून मी जाऊन तिला घेऊन आले.

"अगं," ते तिला म्हणाले, "पोचलो होतो आम्ही. मंचरपर्यंतच होता रस्ता."

आईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं, मला अर्ध्यातून परतल्यासारखं वाटू नये म्हणून, हे तिला कळलं होतं आणि मलाही. पण मला तसा रस्ता नको होता. मला अर्धाच राहिलेला चालला असता, त्यांनी माझ्यावर, आजारावर, कुणावरही चिडलेलं चाललं असतं. मी यंत्र हातात धरून तिथेच उभी राहिले आणि त्यांना खरं वाटावं म्हणून म्हणाले, "हो अप्पा. पोचलो होतो."